चतुर आणि तित्तर

चतुराला हे नाव ज्याने दिले तो मोठा रसिक असला पाहिजे. तित्तराच्या वाट्याला मात्र आजवर कौतुकापेक्षा फासेच अधिक आले.

डहाणूच्या चिकूवाड्या मागे टाकून तलासरीकडे निघालात, की भातखाचरे आणि माळ लागतात. दिवाळीच्या आगेमागे तेथे हे दोघेही दिसतात. एक खाचरावर तरंगत असतो, दुसरा जाळीखालून तुरुतुरु पळत असतो.

तित्तर भरतो पाव किलोच्या आसपास. छाती भरदार, पंखही बरे. पण उडण्याचा भारी कंटाळा! माणूस अगदी पायाशी आला तरच भर्रकन उठेल आणि थोड्या अंतरावर पुन्हा झुडपात शिरेल. त्याच्या छातीतले बळ एका झेपेपुरते. त्या छातीच्या मांसापायीच त्याची शिकार होई. १९७२ च्या कायद्याने तिला आळा घातला. असा हा घरकोंबडा आपले शिवार सहसा सोडीत नाही, आणि खरे सांगायचे तर मला तो त्यामुळेच आवडतो.

आणि तो पिवळसर चतुर पाहा! उणापुरा अडीच गुंजांचा जीव. पावसाच्या डबक्यात दीडदोन महिन्यांत वाढतो आणि वारा फिरला की थेट समुद्रावर निघतो. मालदीव बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीतच, तरी दर ऑक्टोबरात तेथे चतुरांचे थवे उतरतात. तेथेच राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने त्यावरून २००९ मध्ये मांडले, की हे थवे भारतातून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत. जाऊनयेऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटर, तेही चार पिढ्या मिळून! निघतो तो परतत नाही. परततो त्याचा वंश.

सुट्टीआधी वर्गात मी हे सांगत होतो. आमच्याकडे दिवाळी आटोपून भात झोडला, की कितीतरी घरांना कुलपे लागतात. माणसे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. मुले बरोबर जातात आणि माझा हजेरीपट निम्मा होतो.

मागच्या बाकावरच्या एकाच्या बापाने भट्टीमालकाकडून उचल घेतली होती. तो उभा राहिला.

"गुरुजी, चतुराला उचल कोण देतं?"

वर्ग हसला. मी वाऱ्याचे नाव सांगितले. त्याने मान डोलावली आणि आफ्रिकेला जायला किती दिवस लागतात ते विचारले.