थकबाकीदार कडुलिंब

आमच्या बँकेत कर्जवाटपाच्या दिवशी हार असतो, पेढे असतात, फोटो असतो. वसुलीच्या दिवशी यातलं काहीच नसतं. झाडं लावण्याचंही नेमकं असंच आहे हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. कॉमर्सच्या पदवीधराला एवढा वेळ लागायला नको होता, हे कबूल.

2019 साली राज्यात 33 कोटी झाडं लावण्याची मोहीम निघाली. देवही तेवढेच, त्यामुळे आकडा पाठ करायला सोपा. आमच्या शाखेच्या वाट्याला बीडजवळची एक बोडकी टेकडी आणि 50 रोपं आली. त्याच उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले होते. आई म्हणाली, "एक झाड त्यांच्या नावानं लाव." मी कडुलिंब निवडला. अण्णा जन्मभर मास्तर होते. त्यांच्या जिभेची चव ज्यांनी चाखली, ते विद्यार्थी या निवडीला नावं ठेवणार नाहीत.

2020 च्या फेब्रुवारीत सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईत, आमच्या पालवणला, वृक्षसंमेलन भरलं. अध्यक्षस्थानी होतं वडाचं झाड. मी पुष्कळ संमेलनं पाहिली आहेत, पण अध्यक्षांनी भाषण न केलेलं हे पहिलंच. आईला घेऊन गेलो होतो. परत येताना रिक्षात तिनं विचारलं, "आपलं झाड कसं आहे रे?"

"मजेत," मी म्हणालो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर जागेवर न जाताच 'खाते नियमित' असा शेरा मारून मोकळा झालो.

एकदा खोटा शेरा मारला की पुढचे आपोआप मारले जातात. दर सणाला आई विचारायची आणि दर सणाला मी झाड वाढवायचो. पाडव्याला गुडघ्याएवढं, दसऱ्याला कमरेएवढं. तिसऱ्या वर्षी ते माझ्या खांद्याला लागलं. मी मात्र लावल्या दिवसानंतर एकदाही टेकडीवर गेलो नव्हतो.

2023 च्या एप्रिलात एका रात्री गच्चीवर अंथरुणं टाकताना टेकडी पेटलेली दिसली. लांबून वणवा दिवाळीसारखा सुंदर दिसतो. आई कठड्याला धरून बराच वेळ उभी होती. मग एवढंच म्हणाली, "सकाळी जाऊन ये."

सकाळी गेलो. टेकडी अशी काळी, की माझं झाड कुठं होतं हेच आठवेना. वर एक म्हातारे वनमजूर बसले होते. रात्रभर ओल्या डहाळीनं आग झोडपून त्यांच्या भुवया जळाल्या होत्या.

"मामा, आग लागली कशी?"

"लागतीय कशाला, लावत्यात. गवत जाळलं की नवं जोरात फुटतं म्हनत्यात. न्हाईतर कुनाची तरी बिडी."

पावसाळ्यात इथं मांडीएवढी कुसळी वाढते आणि दिवाळीनंतर वाळून कागदासारखी होते. ती वेळेवर कापायची, आणि मधेमधे रुंद पट्टे साफ करून ठेवायचे. त्याला जाळरेषा म्हणतात. आग तिथवर येते, खायला काही मिळत नाही आणि उपाशी मरते. सगळी विद्या एवढीच. "पन सायेब," मामा म्हणाले, "लावायला शंभर येत्यात, गवत कापायला कुनी येत न्हाई. शेळ्या मातर रोज येत्यात. सीताफळाला त्या तोंड लावत न्हाईत, म्हनून तेवढंच टिकतंय."

शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी त्यांना ग्रीसमधल्या एव्हिया बेटावरचे पाइन 2021 साली कसे जळाले ते सांगितलं. भूमध्य समुद्राकाठच्या अलेप्पो पाइनची बरीच फळं राळेनं घट्ट मिटलेली असतात, आगीच्या उष्णतेनं ती उघडतात आणि बी राखेत पडतं. तिकडचे वनखात्याचे लोक झाडांची गर्दी विरळ करतात, खालच्या फांद्या छाटतात, म्हणजे गवतातली आग शेंड्याला चढत नाही.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग जवळचं एक जळकं खुंट धरून बुडाशी नखानं खरवडलं. आत हिरवं होतं.

"आपल्याकडं ठेव मुळात असती. वरून जळालंय, मेलेलं न्हाई. पळस तर असल्या आगीला दाद देत न्हाई. कडूलिंबबी फुटंल. तुमचं कोन्तं?"

मला सांगता येईना. चार वर्षं ज्याची उंची मी इंचाइंचानं कळवत होतो, त्याची जागाही मला माहीत नव्हती.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. खांद्याएवढ्या झाडापर्यंत सगळं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुझं झाड फार सरळ वाढत होतं. पण त्यांनी वही न तपासता बरोबरची खूण केलेली मी कधी पाहिली नाही हो."

अण्णा जाऊन चार वर्षं झाली होती, तरी मार बसला.

त्या वर्षी ऑक्टोबरात मी दोन दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'थकबाकी वसुली' लिहिलं. साहेबांनी कौतुकानं सही केली. शाखेतल्या दोघांना सोबत येण्याबद्दल विचारलं. एकाची पाठ धरली होती, दुसऱ्याची धरणार होती. मी आणि मामा, दोघांनी विळे घेतले. तासाभरात माझ्या हाताला चार फोड आणि कपड्यांना हजारभर कुसळं. पट्टा जेमतेम वीस पावलांचा झाला होता.

आई खाली मोटरसायकलपाशी बसायची, ती काठी टेकत वर आली. जळक्या खुंटांमधून फिरत एका फूटभर फुटव्यापाशी थांबली.

"हेच ते."

"कशावरून?"

"बघ की. शेजारच्या सीताफळाला कसं दाबून उभं आहे," ती म्हणाली आणि पदर खोचून त्याच्या भोवतीचं गवत उपटायला लागली.