काहवातला ‘ह’

सारायेवोच्या कझांजिलुक गल्लीत शिरले आणि पाय थबकले. ठक्‌, ठक्‌, ठक्‌. पुण्याच्या तांबट आळीत लहानपणी ऐकलेला तोच नाद. कझांजिलुकमधून आणलेली जेझ्वा, लांब दांड्याचं तांब्याचं चिमुकलं भांडं, आज माझ्या ओट्यावर आहे.

ज्यांच्या घरी उतरले होते, त्या आजींनी मला कॉफी प्यायला शिकवलं. पुडीवर उकळतं पाणी ओतायचं, फेस काठाशी आला की उतरवायचं. साखर कपात विरघळवायची नाही. तिच्या वडीचं टोक कॉफीत बुडवायचं, दातांनी इवलंसं तोडायचं आणि मग वर कडू घोट. साखरेला त्या ‘शेचेर’ म्हणाल्या, दुकानाला ‘दुचान’. माझ्या अंगावर काटाच आला. तुर्कांबरोबर तिकडे गेलेलं ‘दुकान’ फारसीच्या वाटेने आपल्या घरात कधीचं नांदतंय, आणि साखर तर इथूनच फारसीच्या वाटेने तिकडे पोचलेली.

आणि कॉफीला ‘काहवा’. त्यातला ‘ह’ त्या छातीतून काढत. क्रोएट ‘कावा’ म्हणतात, सर्ब ‘काफा’. एकमेकांचं सगळं कळतं, तरी युगोस्लाव्हिया फुटल्यावर एका भाषेची वेगवेगळी नावं झाली आणि माणूस कुठला ते कपाशी बसताच कळू लागलं. त्राव्निकजवळ जन्मलेले, नोबेल मिळवलेले इव्हो आंद्रिच नेमके कुणाचे, हा वाद तर अजून मिटलेला नाही.

युद्ध संपवणाऱ्या 1995 च्या डेटन कराराने बॉस्नियाला राज्यघटना दिली. तीत बॉस्नियाक, क्रोएट, सर्ब हे तीन घटक समाज. ज्यू, रोमा वगैरे सगळे ‘इतर’. ‘इतरां’ना राष्ट्राध्यक्षमंडळासाठी उभंच राहता येत नाही. हा भेदभाव आहे, असं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं. मला ‘इतर’ हा शब्द फार लागतो. कारण या देशाने जिवापाड जपलेलं पुस्तक ‘इतरां’चंच आहे. सारायेवो हग्गादा : चौदाव्या शतकातली, स्पेनमधून आलेली ज्यूंची सचित्र पोथी. दुसऱ्या महायुद्धात ती नाझींच्या हाती लागू दिली नाही ती दर्विश कोर्कुत या मुसलमान ग्रंथपालाने. बॉस्निया म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी घटनेकडे नाही, या पोथीकडे बोट दाखवीन.

सगळीच पुस्तकं वाचली नाहीत. ऑगस्ट 1992 मध्ये, युद्धात शहराला वेढा घातलेल्या सैन्याने डोंगरावरून तोफा डागून राष्ट्रीय ग्रंथालय जाळलं. जळक्या पानांची राख शहरभर उडत होती. आजींच्या खिडकीतही ती आली होती. बोटात धरेपर्यंत चुरा व्हायची, त्या म्हणाल्या, आणि दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवली.

नात दुभाषी होती. तिला मी विचारायला लावलं, वेढ्यात कॉफी कुठून मिळायची? जवळपास चार वर्षं चालला होता तो वेढा.

आजी हसल्या. मदतीच्या पाकिटांतला मसूर काळा होईस्तोवर भाजायचा, दळायचा आणि जेझ्वेत घालायचा. शेजारीण क्रोएट, वरच्या मजल्यावरचे सर्ब. सगळे जिन्यात बसून प्यायचे.

‘‘त्याला काय म्हणायचात?’’

‘‘काहवा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शेजारीण कावा म्हणायची.’’


आणि माझा कप त्यांनी पुन्हा भरला.