एक कान घरासाठी
संगीत जायज की नाजायज, यावर अब्बूंचं आणि माझ्या धाकट्या भावाचं पटत नाही. तो डीजेसारखं रेकॉर्ड मिसळायला शिकतोय. चालू गाणं मिनिटाला 120 ठोक्यांचं, पुढचं 125 चं. म्हणजे पुढच्या रेकॉर्डची गती 4 टक्के उतरवायची. हेडफोन एकाच कानावर, दुसरा कान खोलीतल्या गाण्याकडे. तरी ठोके सरकतात. मग बोटाने रेकॉर्ड हलकेच रोखायची.
लग्नात वाजवणार नाही, एवढं त्याने अब्बूंना कबूल केलंय. रेकॉर्ड विकायला मात्र तयार नाही. अजान झाली की आवाज बंद करून अब्बूंसोबत मशिदीत जातो. वाटेत दोघांचा वाद चालतोच. अम्मी म्हणते, "बोलणं तर तुटलं नाही, अल्हम्दुलिल्लाह!"