जगात तिसरा नंबर, आणि बघायला २,५६९ माणसं

रविवारी संध्याकाळी वळमधल्या गोडाउनमागच्या मोकळ्या प्लॉटवर पोरं फुटबॉल खेळत होती. गोलपोस्ट म्हणून चार विटा, एका बाजूला उभा कंटेनर. खेळ थांबला तसे सगळे एका मोबाइलभोवती जमले.

"काका, एन्ड्रिक खाली घसरला बघा!"

लोकप्रिय तरुण खेळाडूंची कुठलीतरी यादी होती. पोराचा चेहरा असा, की जणू हाच नापास झालाय.

मी विचारलं, "त्याची पूर्ण मॅच बघितलीस कधी?"

"नाय. रील बघतो."

हा एन्ड्रिक ब्राझीलचा, जन्म २००६ चा. १६ वर्षांचा असतानाच रेयाल माद्रिदशी त्याचा करार झाला आणि १८ पूर्ण झाल्यावर, २०२४ मध्ये, तो तिकडे गेला. पहिल्या मोसमात बराच वेळ बाकावरच होता. पण नाव तोवर आपल्या वळपर्यंत पोचलं होतं.

आता आपल्याकडची गोष्ट. जून २०१८, अंधेरी. भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, सुनील छेत्रीची हॅटट्रिक. तेव्हा खेळत असलेल्यांत आंतरराष्ट्रीय गोलांमध्ये त्याच्यापुढे दोघेच होते, रोनाल्डो आणि मेस्सी. आणि स्टेडियममध्ये माणसं किती? २,५६९. शेवटी छेत्रीने व्हिडिओ टाकून लोकांना विनवलं, की टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. पुढचा सामना केनियाशी, त्याचा शंभरावा. भर पावसात स्टेडियम भरलं. दोन दिवसांत छेत्रीचा खेळ बदलला नव्हता. लोक घराबाहेर पडले होते, एवढंच.

यादी वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिच्यामुळेच हा पोरगा चेंडूला पाय लावतोय. पण एन्ड्रिकला यादीने घडवलं नाही. लहानपणापासून तो पाल्मेरास क्लबच्या अकादमीत होता, वडिलांना तिथेच सफाईचं काम मिळालं, म्हणून घर तगलं. आपल्या या पोराचे वडीलही गोडाउनात माल चढवतात. फरक मैदानाचा आहे.

देशभरातली पार्सलं आपल्या गावातून जातात. जर्सी ठेवायला वळमध्ये जागा आहे, ती घालून खेळायला नाही. या प्लॉटवरही कधीतरी पत्रे चढतील. मग पोरांकडे फक्त मोबाइल उरेल.

येत्या ग्रामसभेत एकच विषय मांडणार आहे: पोरांसाठी एक कायमचं मैदान. सोबत या. आणि त्याआधी रविवारी पाचला प्लॉटवर या, बाजूला उभं राहून टाळ्या वाजवा. लाइक नंतर करा.