सत्याऐंशीपट धाकटी राणी

छंद दोन प्रकारचे असतात. काही छंदांनी पाहुण्यांचं मनोरंजन होतं, आणि काहींच्या धास्तीने पाहुणे येईनासे होतात. माझा दुसऱ्या जातीचा आहे. मी आगगाडीचे डबे सजवतो. खरे नव्हेत, खऱ्याहून सत्याऐंशीपट लहान.

“म्हणजे खेळण्यातली गाडी?” असं विचारणाऱ्याला आमच्याकडे चहा मिळत नाही. खेळण्यातली गाडी पोरं पळवतात. माझी गाडी पळत नाही; ती नुसती तयार होत असते. गेली चार वर्षं ‘डेक्कन क्वीन’चा एक पासवाल्यांचा डबा तयार होतोय. पेराम्बूरच्या कारखान्यातला एकवीस मीटरच्या वर लांब असलेला डबा माझ्या टेबलावर साडेचोवीस सेंटिमीटरांत मावतो आणि साडेपाच फुटी गृहस्थ दोन सेंटिमीटरही भरत नाही. या मापाचे रूळ मात्र मिळतात ते युरोपी घराण्यातले, १६.५ मिलिमीटर अंतराचे. आपल्या ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरना ८७ ने भागलं तर एकोणीसच्या वर उत्तर येतं. तेव्हा आपली गाडी त्या रुळांवर जन्मभर धोतरवाल्या आजोबांना नातवाची तंग विजार चढवल्यासारखी उभी.

बाजारातून आणलेला डबा स्वच्छ, कोरा आणि निर्मनुष्य असतो. असा डबा मध्य रेल्वेवर मी तरी पाहिलेला नाही. म्हणून आधी छप्पर उचलायचं आणि आत बाकं बसवायची. साध्या सेकंड क्लासात जागा १०८. जपमाळेचे मणीही तेवढेच. त्यामुळे प्रत्येक जागा चिकटवताना देवाचं नाव आपोआप तोंडात येतं.

मग खिडक्यांचे गज. बोटाएवढा जाड गज या मापात जेमतेम केसाएवढा होतो. इतकी बारीक तार कुठून आणायची? केसच का वापरू नये? सौभाग्यवतींनी फणीतली गुंतवळ काढून दिली. “चला, तुमच्या गाडीला माझं काहीतरी लागलं!” म्हणाल्या.

उतारू जर्मनीहून येतात. रंगवलेले, बसलेले, पण शाळा तपासायला आल्यासारखे ताठ. पुणे-मुंबई पासवाला असा बसत नाही. म्हणून एकेकाला कंबरेत कापून पुढे झुकवायचं. पातळ डिंकात भिजवलेल्या टिश्यू कागदाची साडी नेसवली की म्युनिकच्या बाई नारायण पेठेतल्या दिसू लागतात. चौघांच्या मध्ये मिलिमीटरभर लांबीचे पत्ते मांडले, की डाव सुरू.

शेवटचा संस्कार म्हणजे डबा मळवणं. पातळ केलेला काळा-तपकिरी रंग, खडूची भुकटी आणि चाकांपाशी ब्रेकच्या लोखंडी धुळीचा तांबूस थर. “पैसे मोजून नवी वस्तू आणायची आणि ती मळवत बसायचं!” सौ. म्हणाल्या. “शर्ट तर फुकट मळवता.”

हे सगळं ज्यांच्या नजरेखाली चालतं ते आमचे अण्णा. वय नव्वदीकडे. सत्तावीस वर्षं त्यांनी पास काढून या गाडीने रोज पुणे-मुंबई केली. १ जून १९३० ला ती निघाली तेव्हा डबे सात होते आणि ते माटुंग्याच्या कारखान्यात बांधलेले, हे ते घरच्या लग्नाच्या तारखेसारखं सांगतात. १९६६ साली पेराम्बूरचे डबे लागले; पुढे तेही बदलले, पण घराणं तेच राहिलं. २२ जून २०२२ ला नव्या एल.एच.बी. डब्यांची गाडी सुटली आणि ते घराणंच संपलं. बातमी वाचून अण्णा एवढंच म्हणाले, “बरा असेल नवा.” मग चष्मा पुसत बसले.

परवा त्यांनी भिंग लावून माझा डबा तपासला. कर्जतला मागे इंजिन लागताना बसतो तो धक्का सोडून सगळं आहे म्हणाले. पत्त्यांच्या डावाशी भिंग थांबलं. तीन गडी बसलेले, चौथा मी हातात धरलेला.

“हा टक्कलवाला तो. हा चश्मेवाला. आणि हा नेहमी पानं चोरायचा.” तिघेही आता नाहीत. नावं अण्णांनी घेतली नाहीत.

“आणि हे तुम्ही,” मी म्हटलं.

“मला नको बसवूस. तिथे रुमाल टाक. मला उशीर झाला की मंडळी जागा धरून ठेवायची.”

साडेचार मिलिमीटरचा रुमाल कापला, त्यावर निळ्या चौकटी आखल्या आणि चिमट्याने जागेवर ठेवला. डिंक घ्यायला हात गेला, तो तसाच मागे घेतला.

“चिकटवायची घाई नाही ना, अण्णा?”

“छे! तुझी गाडी कुठे सुटतेय?”