'झुंड'मधला बाबू

नागपुरात हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळी सुटली की कंपन्यांच्या भिंतींलगत पोट्टे बॉल घेऊन उतरतात. दोन विटांचा गोल, पाय अनवाणी. अशा पोट्ट्यांकडे नागराज मंजुळेंनी 'झुंड'मध्ये ज्या मायेनं पाहिलं, तसं हिंदी पडद्यावर क्वचितच कुणी पाहिलं असेल. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांच्या पायांत फुटबॉल दिला, त्याची ही गोष्ट. मधोमध अमिताभ बच्चन आणि भोवती अभिनय न शिकलेली इथलीच पोरं.

त्यांतला एक प्रियांशू क्षत्रिय. पडद्यावर बाबू, वस्तीतही बाबूच. चित्रीकरणाच्या वेळी चौदा-पंधरा वर्षांचा असेल. महानायकासमोर उभा राहतो, पण अंग चोरत नाही. डोळ्यांत भीड म्हणून नाही. मला तो फार आवडला होता.

4 मार्च 2022 ला 'झुंड' लागला. ऑक्टोबर 2025 मध्ये याच नागपुरात बाबूचा खून झाला. वय 21.

ब्राझीलमध्ये फर्नांडो रामोस दा सिल्वा नावाचा गरीब वस्तीतला मुलगा 'पिशोते' या चित्रपटात रस्त्यावरचं पोर झाला, जगभर वाखाणला गेला आणि 1987 मध्ये पोलिसांच्या गोळीनं मेला, एकोणिसाव्या वर्षी. आपल्या 'सलाम बॉम्बे'तला शफीक सय्यद राष्ट्रीय पुरस्कार घेऊनही पुढे बंगळुरात रिक्षा चालवत राहिला. त्याचे कष्ट मानाचेच. पण त्याच्यातला नट कुठं गेला, हे मनातून जात नाही.

सेटवर पोर चुकलं तर 'पुन्हा एकदा' म्हणतात. हवं तितक्या वेळा. पहाटे कुणी उठवायला येतं, जेवलास का विचारतं, कुठं उभं राहायचं ते दाखवतं. वस्तीत परतल्यावर एका चुकीलाही 'पुन्हा' नसतं. मंजुळेंच्याच 'फँड्री'तला सोमनाथ अवघडे राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोचला, तेव्हा दोष मी दिग्दर्शकाच्या माथी मारत नाही. पण चित्रपट संपला की युनिट पांगतं. बारसे सरांच्या मैदानावर मात्र सामना हरल्यावरही दुसऱ्या दिवशी सराव असतो.

'स्लमडॉग मिलेनियर'च्या निर्मात्यांनी आपल्या बालकलाकारांच्या शिक्षणासाठी आणि घरांसाठी 'जय हो' ट्रस्ट काढला होता. म्हणजे हे जमतं. माझी मागणी आणखी थोडी आहे: वस्तीतली पोरं घेणाऱ्या प्रत्येक चित्रपटाच्या खर्चात एका माणसाचा पगार धरावा. चित्रपट थिएटरातून उतरल्यावरही त्यानं काही वर्षं या पोरांच्या घरी जात राहावं, अठरा पूर्ण झाल्यावरसुद्धा.