उतरलेला रंग

कापडावर नक्षी छापतात, असं आपण सरसकट म्हणतो. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये मात्र वर्षानुवर्षं उलटा धंदा चालला. कापडाला आधीच चढलेला रंग नेमक्या जागी उतरवायचा. जीन्सच्या कापडात ताणा निळा आणि बाणा पांढरा. त्यात निळीचा स्वभाव असा की ती सुताच्या गाभ्यात शिरत नाही, वरवर बसते. घासलं की आतलं पांढरं दिसू लागतं. म्हणून मांडीवर घासकागद, सुरकुत्यांवर पोटॅशियम परमँगनेटचा फवारा, आणि मग भल्यामोठ्या ड्रमात प्यूमिस दगडांबरोबर घुसळण. दहा वर्षं अंगावर झिजल्यासारखी कोरी पँट तयार! असली विटकी चीज जास्त पैसे मोजून घेतात, हे माझ्या आजीला शेवटपर्यंत पटलं नाही.

हे गाव वसलं फाळणीतून. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींनी उल्हासनगरची पायाभरणी केली. ज्या सिंधमधून ही माणसं आली तिथलं अजरक हे ठशांचं कापड जगप्रसिद्ध. त्यातही अर्धी कला रंग अडवण्याची आहे. पांढरं राहायला हवं तिथं लाकडी ठशानं डिंक-चुन्याची लुगदी लावायची, लाल हवं तिथं तुरटी, मग निळीत बुडवायचं, मंजिष्ठात उकळायचं आणि मध्ये मध्ये धूत राहायचं. पण ठसे चालवणारे खत्री बहुतेक तिकडेच राहिले. इकडे आली ती मुख्यतः व्यापारी मंडळी. तेव्हा अजरकचा वारसा कॅम्पात आला, असं म्हणायचा मोह मी टाळतो. कापडाची पारख मात्र आली. उल्हासनगरच्या जपानी बाजारात एखादा दुकानदार चिमटीत कापड कसं धरतो ते बघा.

आता छपाई म्हणजे गल्लीतला गाळा. लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर प्रकाशानं कडक होणारा लेप. नक्षीची फिल्म ठेवून उजेड दिला की नक्षीखालचा लेप मऊ राहतो आणि पाण्यानं निघून जातो. उरते ती रंगाला वाट. जाळीवर रंग ओतून पोरगा रबरी स्क्वीजी एका दमात ओढतो आणि चौकट उचलतो. हात मध्येच थबकला की छापावर रेघ उमटलीच. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते आणि चौकट केसभर सरकली तरी पिवळा लालच्या बाहेर डोकावतो. गडद कापडावर आधी पांढरा थर द्यायचा, तो सुकवायचा, मग बाकीचे रंग. गोविंदा पथकाचे पाचशे टी-शर्ट असतील तर हे परवडतं. दहाच हवे असतील तर डीटीएफ: फिल्मवर छापायचं, वर उष्णतेनं चिकटणारी पूड भुरभुरायची आणि गरम प्रेसखाली दाबायचं. सफाई असते, पण छातीवर प्लास्टिक चिकटवल्यासारखं वाटतं. मला तरी स्क्रीनचाच छाप आवडतो.

पण जीन्सचा उतरलेला रंग जायचा कुठे? वालधुनीत. अंबरनाथमागच्या डोंगरांतून निघालेली ही नदी शके ९८२ मधल्या, म्हणजे १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरात शिरते आणि पुढे कल्याणच्या खाडीला मिळते. रासायनिक कारखान्यांनी तिचा नाला केलाच होता, जीन्स धुलाईनं त्यात निळं-काळं पाणी ओतलं. पर्यावरणवादी कोर्टात गेले, शेवटी धुलाईचे कारखाने बंद झाले आणि हजारो हातांचं काम गेलं. काही कारखाने आसपासच्या गावांत सरकले. कामगारांचं वाईट वाटतं, तरी बंदी योग्यच होती, असं माझं मत आहे.

फिकी जीन्स हवी असेल तर गडद घ्या आणि वापरून वापरून फिकी करा. दोन-तीन वर्षं लागतात, पण घुसळणीचे पैसे वाचतात.